टीबीचे रुग्ण वाढले, ही बातमी चांगली की वाईट?

२०१९ साली देशात टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदवले गेले. २०२० साली १८ लाख. एका वर्षात पाव हिस्सा घट. या आकड्यावर कुणी पेढे वाटले नाहीत, आणि नाही वाटले ते बरंच झालं. त्या वर्षी टीबी कमी झाला नव्हता, टीबी शोधणारे कमी झाले होते. लॅब टेक्निशियन कोविडचे स्वॅब तपासण्यात गुंतले होते, टीबीची यंत्रं कोविडच्या कामाला जुंपली होती आणि ज्याला खरोखर खोकला होता तो माणूस घरात दार लावून बसला होता. खोकला म्हटलं की उचलून नेतील, ही धास्ती.

राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाबद्दल पेपरात जे जे छापून येतं, ते वाचताना हे २०२० साल आठवावं. दरवर्षी २४ मार्चच्या आसपास, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाला, ‘जिल्ह्यात टीबीचे रुग्ण वाढले’ अशी चौकट हमखास येते. मग आमदार विचारतात, जिल्हाधिकारी विचारतात, का वाढले? आणि जिल्हा क्षयरोग अधिकारी बिचारा समजावत बसतो की साहेब, वाढले नाहीत, सापडले.

शाळेचं उदाहरण घ्या. पटावर २०० मुलं आहेत. गुरुजींनी वीटभट्टीवर, पालावर जाऊन ४० शाळाबाह्य मुलं शोधून आणली. पट २४० झाला. गावात मुलं वाढली का? नाही. होती तीच, फक्त हजेरीपटावर आली. टीबीचंही असंच आहे. एक आकडा पटाचा, त्याला नोंदणी म्हणतात: जितके रुग्ण सापडले आणि सरकारी पोर्टलवर चढले तितके. दुसरा आकडा गावातल्या एकूण मुलांचा: वर्षभरात नव्याने टीबी होणाऱ्या माणसांचा अंदाज. पहिला मोजलेला असतो, दुसरा गणिताने काढलेला. कार्यक्रम चांगला चालला असेल तर पहिला आधी वर जातो आणि दुसरा हळूहळू खाली येतो. दोन्हींमधल्या फटीत जे राहतात ते ‘न सापडलेले’ रुग्ण. खोकतायत, बसमध्ये आपल्या शेजारी बसतायत, आणि कुणाच्याच वहीत नाहीत.

आता खरे आकडे. २०१५ साली भारतात दर लाख लोकांमागे २३७ जणांना नव्याने टीबी होत होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. २०२४ साली तो १८७ वर आला. म्हणजे नऊ वर्षांत २१ टक्के घट, आणि याच काळात जगाची घट १२ टक्के. न सापडलेले रुग्ण २०१५ साली १५ लाखांच्या घरात होते, ते २०२४ साली एक लाखाच्या आत आल्याचं केंद्र सरकार सांगतं. नोंदणी २६ लाखांवर गेली. तरीही जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक आजही भारतातलाच.

ही प्रगती आहे का? आहे, आणि छोटी नाही. पण शब्द दिला होता तो वेगळा.

मार्च २०१८ मध्ये दिल्लीतल्या परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केलं की जगाने २०३० ची मुदत ठेवलीय, भारत २०२५ लाच टीबी संपवेल. ‘संपवेल’ याचा सरकारी अर्थ शून्य रुग्ण असा नव्हता. नवे रुग्ण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी कमी, मृत्यू ९० टक्क्यांनी कमी आणि टीबीच्या खर्चापायी एकही कुटुंब खड्ड्यात जाणार नाही, असा होता. २३७ चे ८० टक्के वजा केले तर उरतात ५० पेक्षा कमी. आपण होतो १८७ वर. ८० टक्क्यांची उडी सांगितली आणि २१ टक्के चढलो. माझं मत विचाराल तर चूक चढण्यात नव्हती, मुदत बोलण्यात होती. टीबीचा जंतू माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. आज संसर्ग झालेल्याला आजार दहा वर्षांनी होईल किंवा कधीच होणार नाही. अशा आजाराला सात वर्षांची मुदत देणं म्हणजे आंब्याची कोय लावून दिवाळीला आमरस मागणं.

मृत्यूच्या आकड्याचीही एक गंमत आहे, तीही सांगून टाकतो. २०२१ साठीचा अंदाज ४.९४ लाख मृत्यूंचा होता, २०२२ साठी तो ३.३१ लाखांवर आला. एका वर्षात दीड लाखाहून जास्त जीव वाचले? यातला मोठा भाग हिशोबाची पद्धत बदलल्याचा होता. भारताने स्वतःचं गणिती प्रारूप मांडलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपले जुने अंदाज सुधारले. यात लबाडी नाही, अंदाज असेच सुधारत जातात. पण दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ‘घट’ मोजायला बसलात तर फसाल.

डबीपासून दिल्लीपर्यंत

एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबच्या खिडकीशी पाऊणएक तास उभा होतो, तेव्हाचं. सत्तरीच्या एक आजी हातात झाकणाची प्लॅस्टिकची डबी घेऊन आल्या. टेक्निशियनने ती उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “आजी, ही थुंकी झाली. मला बेडका पाहिजे. उद्या सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा.” आजी म्हणाल्या, “उद्या परत यष्टीने यायचं व्हय?” टेक्निशियन काही बोलला नाही. त्याने दुसरी डबी दिली.

सगळा कार्यक्रम या डबीवर उभा आहे. आत नुसती लाळ असली तर कितीही महागाच्या यंत्रात घाला, जंतू दिसणार नाही. आजी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत तर त्या न सापडलेल्यांत गेल्या.

डबीत बेडका असेल तर पुढे काय? पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शक होता. काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू लागतात, त्यामुळे जवळपास निम्मे रुग्ण निसटायचे. आता जंतूचा जनुकीय तुकडा ओळखणारी यंत्रं आली आहेत, ती शे-दीडशे जंतूंवरही बोट ठेवतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध या जंतूला लागू पडेल की नाही तेही सांगतात. त्यातलं ट्रूनॅट हे आपल्या शेजारचं, गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसीच्या खोलीचा हट्ट धरत नाही, तासाभरात निकाल देतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. भारनियमनाच्या गावातल्या आरोग्य केंद्रासाठी बॅटरी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

निदान झालं की रुग्णाची ‘निक्षय’ या पोर्टलवर नोंद होते, त्याला एक क्रमांक मिळतो. तिथून तो एका साखळीत येतो. गावात आशाताई. तिच्यावर तालुक्याला वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक; याला सगळे ‘एसटीएस’च म्हणतात, आणि हा माणूस मोटरसायकलवरच राहतो. त्याच्या जोडीला प्रयोगशाळा बघणारा ‘एसटीएलएस’. वर जिल्हा क्षयरोग अधिकारी, त्याच्या वर पुण्यात बसणारे क्षयरोग व कुष्ठरोगाचे सहसंचालक, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीचा केंद्रीय क्षयरोग विभाग. धोरण, औषधं आणि पोर्टल दिल्लीचं. माणसं आणि दवाखाने राज्याचे, कारण राज्यघटनेनुसार आरोग्य हा राज्याचा विषय. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के.

कागदावर हे नीट दिसतं. पण या साखळीतले एसटीएस, टेक्निशियन, समुपदेशक हे बहुतेक कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, दरवर्षी नवी. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अभियानाचे कंत्राटी कर्मचारी समायोजनासाठी, म्हणजे कायम सेवेत घ्या म्हणून, संपावर गेले, तेव्हा अशा बऱ्याच टेबलांमागे खुर्च्या रिकाम्या होत्या. वर्षानुवर्षं दबा धरून बसणारा आजार आणि अकरा महिन्यांचा माणूस, हा मेळ कुणी घातला कोण जाणे.

गोळ्या आणि गाठोडं

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने तीन. रोज किती गोळ्या ते वजनावर ठरतं. लघवी केशरी होते आणि रुग्ण घाबरतो, म्हणून चांगली सिस्टर ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि तिथेच खरी परीक्षा सुरू होते, कारण बरं वाटायला लागलेला माणूस गोळ्या सोडतो.

आणि कधी कधी गोळ्याच त्याला सोडतात. मार्च २०२४ मध्ये दिल्लीहून राज्यांना पत्र आलं की औषधांच्या पुरवठ्याला उशीर होतोय, तीन महिन्यांपुरती औषधं तुमची तुम्ही स्थानिक पातळीवर घ्या. केंद्राने एकत्र खरेदी केली की भाव स्वस्त पडतो, दर्जा एकसारखा राहतो, यात वाद नाही. पण नळ एकच असला की तो बंद पडल्यावर सगळ्या गावाची बादली रिकामी. तेही अशा आजारात, जिथे मधे खंड पडला तर जंतू औषधाला सरावतो. असा सरावलेला जंतू काय असतो ते मुंबईला विचारा. वर्षाला ६० हजारांच्या आसपास रुग्ण नोंदवणारं शहर आहे ते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण शिवडीच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं येताहेत. त्यांच्यासाठी आता बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर झालाय. आधीचे उपचार दीड-पावणेदोन वर्षांपर्यंत चालायचे.

ऊसतोड कामगारांचं कोडं वेगळंच. दसऱ्यानंतर बीडहून, जालन्यातून टोळ्या निघतात, कारखान्यावर चार-पाच महिने राहतात आणि उन्हाळ्यात परततात. टीबीचा उपचारही साधारण तेवढ्याच काळाचा. भाद्रपदात निदान झालेला माणूस निम्मा उपचार फडावर घेणार. निक्षयवर त्याची बदली एका क्लिकने होते, पण कोयत्याबरोबर फिरणारा माणूस कोपीच्या पत्त्यावर सापडत नाही, आणि मुकादमाला सांगितलं तर उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, परत मागेल ही भीती. पोर्टलला हे दुःख कळत नाही.

टीबी हा पोटाचाही आजार आहे, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. अंडी, दूध, शेंगदाण्याचा लाडू असं सगळं त्या सांगायच्या. आता त्याला भक्कम पुरावा आहे. झारखंडमध्ये २०१९ पासून तीन वर्षं एक प्रयोग झाला, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साथीने. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. सगळ्या रुग्णांना पोषण दिलं, पण घरातल्यांपैकी निम्म्या गटाला जास्तीचं धान्य: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. एवढ्यावर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि पसरणाऱ्या, फुप्फुसाच्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. रुग्णांच्या बाबतीत, पहिल्या दोन महिन्यांत ज्याचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं त्याच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलो. दोन किलो वजन!

मला या सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. सरकारनेही ती थोडीफार उचलली. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये थेट खात्यावर मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आता तीन हजारांचा पहिला हप्ता निदान झाल्या झाल्या आणि दुसरा ८४ दिवसांनी, अशी रचना आहे. शिवाय ‘निक्षय मित्र’: कुणीही व्यक्ती, कंपनी, सहकारी संस्था रुग्णाला धान्याचं किट देऊ शकते, आणि आता घरातल्यांनाही. हेतू चांगला. पण घरातल्यांचं अन्न, ज्याने नवे रुग्णच थांबतात, ते दात्यांच्या मर्जीवर सोडणं मला पटत नाही. रेशन दुकान गावोगाव आहे, कार्ड घरोघर आहे. तिथूनच डाळ का देऊ नये?

पैसे मिळतात तेव्हाही आधी अडतं ते बँकेत. खातं बंद पडलेलं, आधार जोडलेलं नाही. एसटीएसचा निम्मा दिवस यातच जातो.

ज्याचं काम, त्याचीच मोजणी

कारभाराचा कळीचा प्रश्न हा. जो शोधतो तोच मोजतो, आणि मोजलेल्या आकड्यावर त्याचंच मूल्यमापन होतं. कमी रुग्ण दाखवले की शाबासकी अशी रीत ठेवली, तर कुणी डब्याच वाटणार नाही. डबी नाही, बेडका नाही, टीबी नाही.

मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘टीबीमुक्त पंचायत’ उपक्रमात यावर एक शहाणा तोडगा काढलाय. ग्रामपंचायतीला टीबीमुक्त ठरवायला हजारी एकपेक्षा जास्त रुग्ण नकोत, ही अट आहेच. पण तिच्या आधीची अट अशी की हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी झालेली हवी. म्हणजे आधी शोधा, मग नाही म्हणा. शिवाय ८५ टक्क्यांवर रुग्ण बरे झालेले, प्रत्येकाला पोषणाचे पैसे मिळालेले, अशाही अटी. अटी पाळल्या तर सरपंचांना गांधीजींचा पुतळा: पहिल्या वर्षी कांस्य, सलग दुसऱ्या वर्षी रौप्य, तिसऱ्या वर्षी सुवर्ण रंगाचा.

तोडगा शहाणा असला तरी लहान गावाचं गणित विचित्र आहे. दीड हजार वस्तीच्या गावात एका घरात बाप-लेक दोघांना टीबी निघाला की पंचायत बाद. पुढच्या वर्षी कुणीच निघालं नाही की पुतळा. यात पंचायतीचं कर्तृत्व किती आणि नशीब किती?

खासगी दवाखान्यांचा भाग थोडक्यात. २०१२ पासून त्यांनाही प्रत्येक टीबी रुग्ण कळवणं बंधनकारक आहे, २०१८ पासून न कळवणं शिक्षेस पात्र. त्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो कळवण्याचे ५०० आणि उपचाराचा निकाल कळवण्याचे आणखी ५०० रुपये देण्याचा. औषध दुकानांनाही २०१४ पासून टीबीच्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. आज एक तृतीयांशाच्या आसपास नोंदणी खासगीतून येते. नोंदणी वाढली त्यातला मोठा वाटा हा, आधीच अस्तित्वात असलेल्या पण सरकारला न दिसणाऱ्या रुग्णांचा.

आणि जे कुठेच जात नाहीत ते? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात टीबीची लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. सापडलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण तर एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. म्हणून डिसेंबर २०२४ पासूनच्या १०० दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं घेऊन पथकं वस्तीवर गेली. साठीपुढचे, मधुमेही, अंगाने खूप बारीक, पूर्वी टीबी होऊन गेलेले, अशांना त्यांनी खोकला असो-नसो तपासलं. ७.१९ लाख रुग्ण निघाले, त्यातल्या २.८५ लाखांना कसलंच लक्षण नव्हतं. ‘दोन आठवडे खोकला असेल तर तपासा’ ही भिंतीवरची ओळ आपण लहानपणापासून वाचत आलो. या माणसांना ती कधीच लागू पडली नसती.

तर पुढच्या ग्रामसभेला गेलात आणि आरोग्याचा विषय निघाला, तर रुग्ण किती हे विचारू नका, ते ग्रामसेवक सांगतीलच. आपली वस्ती दोन हजारांची असेल तर वर्षात ६० तपासण्या व्हायला हव्या होत्या. झाल्या किती? त्यातले एक्स-रे किती? सापडलेल्यांच्या घरच्यांना तपासलं का? आशाताई कोपऱ्यात बसलेल्या असतात. त्यांना विचारा, डब्या किती शिल्लक आहेत.